नाकुरू सरोवर राष्ट्रीय उद्यान: पक्षी आणि वन्यजीव पाहण्यासाठी कसे जावे

केनियातील नाकुरू सरोवराला जायचे ठरवणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक जुने छायाचित्र असते. काठापासून दूरवर पसरलेला रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी पट्टा, त्याच्या अलीकडे चरणारा गेंडा आणि मागे निळसर डोंगर. ते छायाचित्र खोटे नाही. तेथे लाखोंच्या संख्येने रोहित उतरत असत आणि त्यांच्यामुळेच या सरोवराचे नाव जगभर झाले. परंतु २०१० नंतर सरोवराचे पाणी सतत वाढत गेले, काठचे रस्ते आणि उद्यानाचे जुने मुख्य प्रवेशद्वारही पाण्याखाली गेले, आणि पाण्याबरोबर पक्ष्यांचे गणितही बदलले. त्यामुळे नाकुरूला जाण्याची आखणी करताना आधी पाणी समजून घ्यावे आणि मग महिना, मुक्काम, प्रवेशद्वार व वाट ठरवावी, असा माझा आग्रह आहे. तसे केले तर हे उद्यान भरभरून देते. नाही केले तर माणूस जे दिसत नाही त्याचाच शोध घेत फिरतो आणि डोळ्यांसमोर असलेले त्याच्या नजरेतून निसटते.

पाणी कसे आहे, ते का महत्त्वाचे

पूर्व आफ्रिकेची प्रचंड खचदरी केनियाच्या मधून उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्या तळाशी सरोवरांची एक माळच आहे. नाकुरू त्यांतले एक. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,७५० मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही हे पाणी उंचावर आहे. न्जोरो, मकालिया, न्देरित अशा लहान नद्या त्यात येऊन मिळतात, पण त्यातून बाहेर जाणारी एकही नदी नाही. ज्वालामुखीजन्य खडकांतून झिरपत आलेले क्षार आत येतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. ज्यांनी लोणारचे सरोवर पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. काठाशी आल्यावर नाकात शिरणारा तो विशिष्ट वास आणि वाळलेल्या काठावरचा पांढरट थर दोन्हीकडे ओळखीचा वाटतो. लोणार उल्कापाताने झाले आणि नाकुरू जमीन खचल्याने, एवढा फरक सोडला तर बंदिस्त खोऱ्यात पाणी खारे होण्याची रीत तीच आहे.

अशा तीव्र क्षारयुक्त पाण्यात फार थोडे जीव तग धरतात, पण जे धरतात ते अमाप वाढतात. स्पिरुलिना या नावाने बाजारात मिळणारे नीलहरित सूक्ष्मजीव हे त्यांपैकी मुख्य, आणि रोहितांच्या येथे येणाऱ्या दोन जातींपैकी छोटा रोहित जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावरच जगतो. तो मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत चालतो. चोचीतल्या बारीक झालरीत ते सूक्ष्मजीव अडकतात. पाणी वाढले की क्षार पातळ होतात, स्पिरुलिना घटते आणि रोहित दुसऱ्या सरोवराकडे निघून जातात. बोगोरिया आणि एलेमेंटाइटा ही जवळची खारी सरोवरे त्यांची पर्यायी ठिकाणे आहेत. त्यांची वीण मात्र यांपैकी कुठेच नियमितपणे होत नाही. त्यासाठी ते टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरावर जातात. म्हणजे नाकुरूतील रोहित हे कायमचे रहिवासी कधीच नव्हते. पाण्याची चव पाहून येणारे आणि जाणारे ते पाहुणे आहेत.

रोहित कमी झाले म्हणजे सरोवर ओस पडले असे मात्र मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात डासांना आळा घालण्यासाठी मगाडी सरोवरातील क्षार सोसणारी तिलापिया मासळी येथे सोडण्यात आली आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांना या पाण्याचे दार उघडले. पाणी वाढले तसे पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले, पाणकावळे आणि मत्स्यगरुड यांचे राज्य विस्तारले. काठची पिवळ्या सालीची बाभळीसारखी झाडे पाण्यात बुडून मेली. त्यांचे करडे सांगाडे आजही पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्या फांद्याफांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसतात. पहिल्यांदा पाहताना हे दृश्य उदास वाटते. दुर्बीण लावून दहा मिनिटे थांबले की त्याच सांगाड्यांवर किती हालचाल चालू आहे ते कळते.

कोणत्या महिन्यात जावे

मार्च ते मे या काळात मोठा पाऊस असतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत लहान पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने पक्षीनिरीक्षकांसाठी मला सर्वांत चांगले वाटतात, कारण युरोप आणि उत्तर आशियातून आलेले हिवाळी पाहुणे तेव्हा तेथेच असतात, रस्ते सुके असतात आणि गवत उतरलेले असल्यामुळे प्राणीही दिसतात. ज्यांना मुख्यतः सस्तन प्राणी पाहायचे आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर निवडावा. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आणि मसाई मारा या केनियातील अभयारण्यातल्या प्राण्यांच्या स्थलांतराच्या हंगामामुळे त्या महिन्यांत गर्दी व दर दोन्ही चढे असतात, हे गृहीत धरावे. पावसाळ्यात जाणे अशक्य नाही. सुगरणींच्या नरांचे विणीचे पिवळेजर्द रूप तेव्हाच पाहायला मिळते. परंतु काळी माती ओली झाली की गाड्या रुततात आणि काही वाटा बंद होतात.

निघण्याआधीच्या आठवड्यात ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, नाकुरू, एलेमेंटाइटा आणि बोगोरिया या तिन्ही ठिकाणच्या ताज्या नोंदी पाहाव्यात. रोहित त्या वेळी नेमके कुठे आहेत, हे कोणत्याही पर्यटन पुस्तिकेपेक्षा त्या नोंदींवरून अधिक खात्रीने कळते. आपल्या चालकालाही तोच प्रश्न विचारावा, कारण हे चालक दर दोन-तीन दिवसांनी या वाटेने जात असतात आणि त्यांचे आपापसांत बोलणे चालू असते.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकांना केनियासाठी आता पूर्वीसारखा व्हिसा घ्यावा लागत नाही. जानेवारी २०२४ पासून त्याऐवजी ई-टीए ही इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. तिकीट आणि मुक्कामाचे तपशील हाताशी ठेवून अर्ज केला तर तो सोपा आहे. केवळ सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करावा, कारण तेच काम जास्त पैसे घेऊन करून देणारी मिळत्याजुळत्या नावांची संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

पीतज्वराची लस हा विषय मात्र मुळीच हलक्यात घेऊ नये. केनिया हा पीतज्वराचा देश मानला जातो आणि तेथून भारतात परतणाऱ्याकडे लसीकरणाचे पिवळे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते, ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तेथे वेळ आधी घ्यावी लागते. त्यामुळे तिकीट काढले त्याच दिवशी लसीची चौकशी सुरू करावी. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते, म्हणून ते पिवळे पुस्तक पारपत्राइतकेच जपून ठेवावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावे. नाकुरू उंचावर असल्याने तेथे डास तुलनेने कमी असतात, पण पुढे मारा किंवा किनारपट्टीकडे जाणार असाल तर डॉक्टरांचा सल्ला वेगळा असू शकतो.

सामान भरताना आपल्या लोकांच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे आणि ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, स्ट्रॉ, ताटल्यांनाही मनाई आहे. आपण चिवडा एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या पिशवीत, चपला तिसऱ्या पिशवीत अशी बांधाबांध करण्यास सरावलेले असतो. त्याऐवजी कापडी पिशव्या घ्याव्यात, दशम्या-चिवडा स्टीलच्या डब्यांत भरावा आणि पाण्यासाठी धातूची बाटली ठेवावी. माझ्या एका सहप्रवाशाला विमानतळावर आपल्या बॅगेतल्या पिशव्या एकेक करून काढून द्याव्या लागल्या होत्या आणि मागे उभ्या असलेल्या सर्वांचा अर्धा तास त्यात गेला.

कपडे मातकट, हिरवट किंवा करड्या रंगाचे असावेत. लष्करी छापाचे कपडे मात्र नेऊ नयेत. केनियात सामान्य नागरिकाने ते घालणे बेकायदा आहे. विषुववृत्त जवळच असले तरी उंचीमुळे पहाटे चांगलीच थंडी असते आणि उघड्या छताच्या गाडीत ती अधिक बोचते. स्वेटर, कानटोपी आणि दुपारच्या उन्हासाठी रुंद कडेची टोपी असे तिन्ही लागते. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगांची, असली तर उत्तम. प्रत्येकाची स्वतंत्र दुर्बीण असावी, हे मी आवर्जून सांगतो. एका दुर्बिणीवर चौघांनी दिवस काढला तर पक्षी उडून जातो आणि मनात रुखरुख उरते. कॅमेऱ्यासाठी तिवई गाडीत निरुपयोगी ठरते. खिडकीवर ठेवायला एक रिकामी कापडी थैली न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर तीत तांदूळ किंवा वाटाणे भरून घ्यावेत. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे असतात. ड्रोन घरीच ठेवावा.

नैरोबी ते नाकुरू

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तास लागतात आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. नैरोबी ते नाकुरू हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. नकाशावर ते पुणे-मुंबईएवढेच दिसते, पण हाच रस्ता युगांडाकडे जाणाऱ्या मालमोटारींचा असल्यामुळे तीन तासांहून अधिक वेळ सहज जातो. लिमुरूच्या पुढे रस्ता एकदम खचदरीच्या कडेवर येतो आणि खाली दरीचा सपाट तळ व लोंगोनोट ज्वालामुखी दिसतो. तेथे दहा मिनिटे थांबावे. आपण पुढचे दोन दिवस ज्या भूगोलात फिरणार आहोत तो एका नजरेत समजतो.

वाटेत नैवाशा लागते. हे त्याच दरीतले गोड्या पाण्याचे सरोवर. तेथे बोटीतून फिरता येते, पाणघोडे जवळून दिसतात आणि लव्हाळ्यांत खंड्यांची रेलचेल असते. एकाच दरीत एक सरोवर गोडे आणि पुढचे खारे, आणि त्यामुळे दोन्हीकडची पाखरे किती वेगळी, हे पाहण्यासाठी जाताना एक रात्र नैवाशाला काढावी आणि मग नाकुरूला जावे. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी थेट नाकुरू गाठावे, पण त्याच दिवशी नैरोबीहून येऊन उद्यान पाहून परत जाण्याचा बेत करू नये. तो बेत विकणारे पुष्कळ आहेत. त्यात पहाटेचे आणि संध्याकाळचे, म्हणजे कामाचे, दोन्ही तास रस्त्यावर जातात.

नाकुरू शहराला डिसेंबर २०२१ मध्ये सिटीचा दर्जा मिळाला. शहराची वस्ती उद्यानाच्या कुंपणाला अगदी भिडलेली आहे. भारतीय वंशाच्या व्यापारी कुटुंबांमुळे शाकाहारी जेवण मिळण्यात अडचण येत नाही, आणि चहा व चपाती हे शब्द स्वाहिलीतही तेच आहेत. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’. आपला ‘सफर’ आणि त्यांचा ‘सफारी’ हे दोन्ही अरबीतून आलेले सख्खे भाऊ आहेत. चालकाशी बोलताना ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, आणि ‘असांते साना’, म्हणजे खूप आभार, एवढे आले तरी त्याच्या वागण्यात फरक पडतो.

राहण्यासाठी उद्यानाच्या आत काही लॉज व तंबूंच्या जागा आहेत आणि बाहेर शहरात सर्व दरांची हॉटेले आहेत. परवडत असेल तर एक रात्र तरी आत काढावी. बाहेर राहणार असाल तर सकाळचा नाश्ता बांधून देण्यास आदल्या रात्रीच सांगावे. आमच्या पहिल्या भेटीत आम्ही हॉटेलातला नाश्ता सोडायला तयार नव्हतो. प्रवेशद्वारातून आत जायला नऊ वाजले आणि तोवर बिबट्या पाहून आलेल्या दोन गाड्या परत निघाल्या होत्या.

उद्यानातला दिवस

या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १८८ चौरस किलोमीटर आहे. आफ्रिकेच्या मानाने हे लहान. पण म्हणूनच दीड दिवसात ते नीट पाहून होते. १९६१ मध्ये सरोवराच्या काही भागाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९० मध्ये हे केनियातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले आणि २०११ मध्ये बोगोरिया व एलेमेंटाइटासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकांसाठी डॉलरमध्ये असते आणि ते रोखीने घेतले जात नाही. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आदल्या दिवशीच भरून पावती फोनमध्ये ठेवावी. दर बदलत राहतात, म्हणून कोणाच्या जुन्या खर्चाच्या हिशोबावर न जाता त्याच ठिकाणी पाहून घ्यावेत.

विषुववृत्ताजवळ असल्याने येथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि जवळपास बारा तासांनी मावळतो. प्रवेशद्वार सकाळी सहाला उघडते. सकाळी पूर्वेकडच्या लानेट प्रवेशद्वाराने आत जावे, हा माझा पहिला आणि सर्वांत उपयोगी सल्ला. कारण साधे आहे. पूर्व काठावर उभे राहून सरोवराकडे पाहिले की ऊन आपल्या पाठीमागून येते आणि पाण्यातल्या पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. पश्चिम काठावरून सकाळी पाहिले तर सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात, आणि बगळा कोणता व शराटी कोणती हेही कळत नाही. दुपारनंतर हेच उलटे करावे आणि पश्चिमेकडे जावे.

चालकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे की आपल्याला पक्षीही पाहायचे आहेत आणि एका जागी थांबायला आपली हरकत नाही. बहुतेक चालकांना सिंह, गेंडा, बिबट्या यांची घाई लागलेले प्रवासी ओळखीचे असतात. त्यांचा दोष नाही, मागणीच तशी असते. एकदा त्यांना कळले की हे लोक सुगरणीच्या घरट्यापाशीही थांबतात, की तेच चालक मग न सांगता गाडी उभी करून इंजिन बंद करतात. इंजिन बंद करणे महत्त्वाचे आहे. त्याच्या थरथरीने दुर्बिणीतले चित्र हलते आणि बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

काठाशी गाडी थांबली की पहिली पाच मिनिटे दुर्बीण न लावता नुसते पाहावे. एका सकाळी आम्ही असेच थांबलो होतो. बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर एक मत्स्यगरुड बसला होता. डोके, मान आणि छाती शुभ्र, पोट तांबूस, पंख काळे. त्याने मान पार मागे, पाठीला टेकेल इतकी झुकवली आणि ती प्रसिद्ध साद घातली, चढत जाणारी, किंचित फाटलेली. दूरच्या दुसऱ्या झाडावरून त्याच्या जोडीदाराने तिला उत्तर दिले. त्या दोन हाकांच्या मध्ये सात-आठ झोळीवाले एका रांगेत पोहत आले, त्यांनी एकाच क्षणी सर्व चोची पाण्यात बुडवल्या, एकाच क्षणी वर काढल्या आणि पुन्हा पुढे सरकले. मासे काठाकडे हाकलत नेण्याची ही त्यांची सामुदायिक पद्धत आहे. यांतले बरेच झोळीवाले घरटी करतात ती एलेमेंटाइटाच्या खडकाळ बेटांवर आणि जेवायला येतात नाकुरूला. दुपारी वर चढत्या गरम हवेवर गोल गोल फिरत निघालेले त्यांचे थवे पाहिले की ते कुठे चालले आहेत हे आपल्याला माहीत असते.

पूर्व बाजूलाच लायन हिलच्या उतारावर कॅन्डेलाब्रा युफोर्बियाचे जंगल आहे. आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या कुळातले हे झाड येथे चांगले दोन-तीन मजली उंच वाढते आणि दिव्यांच्या झाडासारखे फांद्या वर उचलून उभे असते. त्याचा चीक विषारी आहे. त्याला हात लावू नये. याच भागात खडकांवर बिबट्या दिसण्याची शक्यता असते, परंतु बिबट्यासाठी मान वर ठेवणे जास्त उपयोगी, कारण तो पिवळ्या सालीच्या झाडांच्या आडव्या फांद्यांवर विसावतो. येथील सिंहही झाडावर चढण्यासाठी ओळखले जातात. पिवळ्या सालीच्या झाडांना इंग्रजीत तापाचे झाड म्हणतात. दलदलीच्या जागी ही झाडे वाढतात आणि तेथेच मलेरियाचे डास असतात, त्यामुळे जुन्या युरोपीय प्रवाशांनी तापाचे खापर झाडावर फोडले. साल जवळून पाहिली तर तिच्यावर हिरवट पूड दिसते, बोटाने पुसली तर निघेल अशी.

दुपारी बारा ते तीन या वेळात प्राणी सावलीला जातात. तेव्हा दक्षिणेकडच्या मकालिया धबधब्याकडे जावे. धबधबा मोठा नाही आणि कोरड्या महिन्यांत तर अगदी क्षीण असतो, पण तेथे गाडीतून उतरता येते, आणि सकाळपासून बसून अवघडलेल्या पायांना त्याची गरज असते. उतरण्याची परवानगी केवळ अशा ठरावीक जागीच आहे. इतर कोठेही, अगदी प्राणी दिसत नसला तरी, गाडीबाहेर पाय ठेवू नये. येथील आफ्रिकी रानरेडे झुडपांत निश्चल उभे राहतात आणि अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

चारनंतर पश्चिमेकडच्या बबून क्लिफवर जावे. कड्यावरून संपूर्ण सरोवर खाली दिसते आणि मावळतीचे ऊन पाठीमागून पाण्यावर पडते. रोहित असतील तर त्यांचा पट्टा येथूनच उत्तम दिसतो आणि ते नेमक्या कोणत्या काठाला आहेत हे पाहून दुसऱ्या दिवशीची वाट ठरवता येते. खडकांमध्ये हायरॅक्स नावाचे सशाएवढे, बिनशेपटीचे प्राणी ऊन खात बसलेले असतात. त्यांची शिकार करणारा काळा व्हेरो गरुड कड्यालगत घिरट्या घालताना दिसू शकतो. हायरॅक्स एकदम ओरडून फटींत शिरले तर लगेच आकाशात पाहावे. बबून माकडांपासून मात्र फार सावध राहावे. गाडीच्या खिडक्या आणि छत बंद केल्याशिवाय कोणी उतरू नये, आणि हातात खाण्याचे काहीही नसावे. त्यांना केळे देऊन फोटो काढणाऱ्यांमुळेच ती धीट झाली आहेत.

गेंडे आणि जिराफ

हत्ती या उद्यानात नाहीत. गेंडे मात्र दोन्ही जातींचे आहेत, आणि १९८०च्या दशकात हे उद्यान गेंड्यांचे संरक्षित क्षेत्र म्हणून विद्युतकुंपणाने पूर्ण बंद करण्यात आले. पांढरा आणि काळा ही नावे रंगावरून ओळखायला निरुपयोगी आहेत, कारण दोघेही चिखलाच्या रंगाचे असतात. ओठ पाहावा. पांढऱ्या गेंड्याचा ओठ रुंद व सपाट असतो, तो गवत कापत चालतो, डोके सतत जमिनीशी ठेवतो आणि उघड्या माळावर दिसतो. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार असतो, तो झुडपांचा पाला ओढून खातो आणि झाडीतच राहतो. पांढऱ्या गेंड्याचे पिल्लू सहसा आईच्या पुढे धावते, काळ्याचे मागे. काळा गेंडा दिसणे हे भाग्याचे. तो दिसला तर चालकाला पुढे जाण्याचा आग्रह करू नये, कारण तो बुजरा आणि तापट असतो.

गेंड्याची छायाचित्रे त्याच दिवशी ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिंगासाठी शिकार आजही होते आणि फोनमधील स्थानाची नोंद शिकाऱ्याच्या उपयोगी पडू शकते. कॅमेऱ्यातील ती सोय उद्यानात शिरण्यापूर्वीच बंद करावी.

रॉथशील्ड जिराफ १९७७ मध्ये पश्चिम केनियातून येथे आणले गेले, कारण त्यांची मूळ जमीन शेतीखाली जात होती. गुडघ्याखाली त्यांच्या पायांवर नक्षी नसते. पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. मारात दिसणाऱ्या मसाई जिराफाची नक्षी खुरांपर्यंत जाते. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांनी हा फरक मुद्दाम पाहावा.

पक्षी ओळखताना

उद्यानात चारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. तो आकडा पाहून घाबरू नये. ठाण्याच्या खाडीवर किंवा भिगवणला नियमित जाणाऱ्या माणसाला येथील पाणपक्ष्यांपैकी कितीतरी आधीच ओळखीचे असतात: शेकाट्या, उचाट्या, कवड्या खंड्या, आणि दोन्ही रोहित. मोठा रोहित फिकट, जवळजवळ पांढरा, आणि त्याची चोच गुलाबी व फक्त टोकाला काळी. छोटा रोहित ठेंगणा, अधिक गडद, आणि त्याची चोच दुरून पूर्ण काळपट लाल दिसते. ठाणे खाडीत हा फरक डोळ्यांत बसवून गेलात तर नाकुरूला वेळ वाचतो.

नवख्यांनी आपल्याकडच्या कुळांवरून सुरुवात करावी. पिवळ्या चोचीचा करकोचा हा आपल्या चित्रबलाकाचा आफ्रिकी भाऊबंद आहे. तारेवर बसलेला जांभळ्या छातीचा रोलर पाहिला की आपला नीळकंठ आठवतो. सुपर्ब स्टार्लिंग ही मैनेच्याच कुळातली, पण निळी, हिरवी आणि पोटाला तांबूस. ती जेवणाच्या टेबलाजवळ येते आणि पहिल्या दिवशी सर्व कॅमेरे तिच्यावरच रिकामे होतात. ज्यांना दुर्मीळ पक्ष्यांची ओढ आहे त्यांनी पिवळ्या सालीच्या झाडांच्या बनात राखाडी तुऱ्याच्या हेल्मेटश्राइकचा शोध घ्यावा. केनिया आणि उत्तर टांझानियाबाहेर तो सापडत नाही आणि खचदरीतला हा पट्टा त्याच्यासाठी चांगला मानला जातो. ते पाच-सहांच्या टोळीने फिरतात, त्यामुळे एक दिसला की बाकीचे मागोमाग येतात. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांना बोलावू नये. विणीच्या काळात त्याचा त्यांना खरा त्रास होतो.

रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत जाती, संख्या आणि काठाची दिशा लिहून काढावी व ती नोंद ई-बर्डवर टाकावी. गेंड्यांबद्दल जे सांगितले ते रोहितांना लागू नाही. आपल्या नोंदीचा पुढच्या आठवड्यात येणाऱ्याला उपयोग होतो, जसा आपल्याला आधीच्यांचा झाला.

रोहित नाकुरूला नसतील तेव्हा

बबून क्लिफवरून रोहितांचा पट्टा दिसला नाही तर दुसरा दिवस बदलावा. एलेमेंटाइटा हे नैरोबीच्या वाटेवरच, सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पाणी उथळ, काठ मोकळा, आणि तेथे काठाने चालत पक्षी पाहता येतात, जे नाकुरूत शक्य नाही. परतीच्या दिवशी सकाळचे तीन तास त्यासाठी काढता येतात. बोगोरिया उत्तरेला, गाडीने सुमारे दोन तासांवर आहे. तेथे जायचे तर पहाटे निघावे, कारण ते नाकुरूपेक्षा खाली आणि पुष्कळ उष्ण आहे. त्याच्या काठावर उकळत्या पाण्याचे झरे आहेत. झऱ्यांभोवतीचा पांढरा थर वरून घट्ट वाटला तरी पातळ असू शकतो, म्हणून मुलांचा हात धरून आखलेल्या वाटेवरूनच चालावे. तेथेही पाणी वाढल्याने काठचा रस्ता काही ठिकाणी बुडाला आहे. प्रवेशद्वारावरील रक्षकाला रोहित कोणत्या बाजूला आहेत आणि गाडी कुठवर जाते, हे दोन प्रश्न विचारूनच पुढे जावे. नाकुरूला परतताना अंधार पडण्यापूर्वी महामार्गावर आलेले बरे, कारण दिवे नसलेल्या सायकली आणि गुरे रस्त्यावर असतात.